तिसरा पाद

आयुर्वेदाशी ज्यांचा परिचय केवळ वरवरचा आहे, त्यांसही चिकित्सेच्या चार पादांची कल्पना ठाऊक असते. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे ते चार पाद होत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ह्या चतुष्पादासाठी एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला असून प्रत्येक पादाचे चार चार गुण तेथे सांगितले आहेत. परिचारकास उपचारांचे ज्ञान असावे, त्याच्या अंगी दक्षता असावी, रोग्याविषयी त्यास अनुराग असावा आणि तो शुचिर्भूत असावा, अशी चरकाची अपेक्षा आहे. चौघांमध्ये वैद्य प्रधान, असेही त्याच अध्यायात म्हटले आहे. आणि पुढील पिढ्यांनी त्या अध्यायातील तेवढेच वाक्य काय ते लक्षात ठेवले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. वैद्यांची चरित्रे झाली, औषधांचे निघंटू झाले, रोग्यांच्या व्याधींची निदाने ग्रंथबद्ध झाली. तिसऱ्या पादाचा इतिहास लिहावा असे मात्र फारसे कोणास वाटले नाही. जो मनुष्य रात्री दिवा घेऊन खाटेपाशी येतो, रोग्याची कूस बदलतो आणि निघून जातो, त्याच्या कृत्यास घटना कोण म्हणणार?

आमच्या मते ती घटना आहे. वैद्यकाची एक सबंध शाखा गेल्या शतकात ह्याच तिसऱ्या पादावर उभी राहिली, आणि ती कशी उभी राहिली हे एका विशिष्ट उदाहरणावरून वाचकांपुढे मांडावे असा आमचा विचार आहे. ते उदाहरण म्हणजे पाठीचा कणा मोडून कमरेखाली लुळ्या झालेल्या माणसांचे.

ही आपत्ती मनुष्यजातीइतकीच जुनी असली पाहिजे. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली इजिप्तमधील लक्सर येथे एक प्राचीन पपायरस विकत घेतला. हस्तलिखित सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे असून त्यात जखमांचे एकेक उदाहरण क्रमाने तपासले आहे. मानेचा मणका निखळून ज्याचे हातपाय बधिर झाले आहेत व ज्याचे मूत्र नकळत गळते आहे, अशा रोग्याचे वर्णन त्या मिसरी वैद्याने इतके अचूक केले आहे की आजच्या डॉक्टरासही त्यात फारशी भर घालावी लागणार नाही. निर्णय मात्र एका ओळीचा आहे: ह्यावर उपचार करू नये. पुढे तीन हजारांहून अधिक वर्षे हा निर्णय कोणी फिरविला नाही. १८०५ साली ट्रॅफल्गरच्या आरमारी लढाईत नेल्सनच्या खांद्यातून शिरलेली गोळी कण्यात जाऊन रुतली, तेव्हा आता काही करण्यासारखे राहिले नाही हे त्याच्या शस्त्रवैद्यास जितके कळले होते तितकेच स्वतः नेल्सनलाही कळले होते. पहिल्या महायुद्धात कण्याला जखम होऊन कमरेखाली लुळे झालेल्या सैनिकांपैकी शेकडा ८० च्या आसपास लोक थोड्याच काळात मरण पावले असे सांगतात. जे वाचले, ते वाचले म्हणून त्यांचे अभिनंदन करावे अशी त्यांची स्थिती नव्हती.

ही माणसे कशाने मरत होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण सगळी कथा त्यावरच अवलंबून आहे. मज्जारज्जू तुटला म्हणून ती मरत नव्हती. निरोगी मनुष्य झोपेतही आपल्या नकळत अनेक वेळा कूस बदलतो. एकाच जागी भार पडून तेथील रक्त अडले म्हणजे त्वचा कळ पाठविते आणि शरीर निमूटपणे वळते. ज्याचा मज्जारज्जू तुटला आहे त्याची त्वचा कळ पाठवीत नाही. पाठविली तरी ती पोहोचत नाही. आणि पोहोचली असती तरी वळण्याची शक्ती स्नायूंत नसते. त्यामुळे माकडहाड, टाचा, कुल्ल्यांची हाडे जेथे गादीवर टेकतात तेथील मांस काही तासांतच मरू लागते. व्रण पडतो, तो हाडापर्यंत जातो, त्यात विष भरते. इकडे मूत्राशय आपोआप रिकामे होत नाही म्हणून तेथेही संसर्ग होऊन तो मूत्रपिंडापर्यंत चढतो. शेवटी रोगी रक्तदोषाने जातो. तात्पर्य, गोळीने मेला असे ज्याच्याविषयी म्हणत, तो वस्तुतः अंथरुणाने मेलेला असे.

लुडविग गुटमान हा जर्मनीतील अप्पर सायलीशिया प्रांतात १८९९ साली जन्मलेला ज्यू. १९१७ साली, वैद्यकाच्या शिक्षणास आरंभ होण्यापूर्वी, तो कोळशाच्या खाणींतील मजुरांसाठी चालविलेल्या एका अपघात रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून मदतनिसाचे काम करीत होता. चांगला धिप्पाड असा एक तरुण खाणकामगार कणा मोडून तेथे आला. गुटमान त्याचे टिपण लिहू लागला, तेव्हा तेथील डॉक्टराने त्यास सांगितले की इतके लिहिण्याची गरज नाही, हा काही आठवड्यांत मरणार आहे. पाच आठवड्यांनी तो खरोखरच मेला. हा प्रसंग गुटमानने जन्मभर मनात बाळगला. आम्हांस ह्या प्रसंगात विशेष वाटते ते हे की, त्या वेळी तो डॉक्टर नव्हता. खाटेजवळ उभा राहणारा, भांडी उचलणारा, रोग्याला उचलून धरणारा असा तो एक पोरगेलासा मदतनीस होता. डॉक्टर निदान सांगून पुढच्या खाटेकडे जातो. पाच आठवडे मनुष्य कसा मरतो हे मदतनिसास पाहावे लागते.

पुढे तो ब्रेस्लाउ येथे फर्स्टर ह्या ख्यातनाम मेंदूतज्ज्ञाच्या हाताखाली तयार झाला. १९३३ साली नाझी राजवटीत ज्यू म्हणून त्याची जागा गेली. शहरातील ज्यू रुग्णालयात तो काम करू लागला. नोव्हेंबर १९३८ मधील त्या कुप्रसिद्ध रात्री, सिनेगॉगे जळत असता, दाराशी येईल त्यास दाखल करून घ्या असा हुकूम त्याने दिला. ६४ जण दाखल झाले आणि दुसऱ्या दिवशी गेस्टापोसमोर खाटेगणिक एकेका खोट्या रोगाचे नाव घेत त्याने त्यांतील ६० जणांस वाचविले. १९३९ च्या मार्चमध्ये तो बायकामुलांसह इंग्लंडात आला व ऑक्सफर्ड येथे संशोधन करीत राहिला. युरोपात दुसरी आघाडी उघडली जाणार आणि कणा मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने परत येणार हे ध्यानात घेऊन इंग्रज सरकारने त्यास बोलाविले. बकिंगहॅमशर परगण्यात एल्सबरी गावाजवळ स्टोक मँडेव्हिल येथे बैठ्या बराकींचे एक आणीबाणीचे रुग्णालय होते. तेथे १ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याचा विभाग सुरू झाला. ओळखीच्या अनेक डॉक्टरांना हे काम म्हणजे बुद्धिमान मनुष्याने आपली कारकीर्द पुरण्यासारखे वाटले. (अमेरिकेत बोस्टन येथे डोनाल्ड मन्रो हा शस्त्रवैद्य १९३६ पासून ह्याच दिशेने धडपडत होता, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.)

गुटमानने कोणते नवे औषध काढले? कोणतेही नाही. कोणती शस्त्रक्रिया शोधली? तुटलेला मज्जारज्जू सांधणारी शस्त्रक्रिया आजही कोणापाशी नाही. रोगी प्लास्टरच्या साच्यांत जखडलेले येत आणि साच्याआड कुजत; ते साचे त्याने फेकून दिले. त्यांच्या जागी त्याने एक नियम आणला: प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलली पाहिजे, दिवसा आणि रात्रीही. मूत्राशय रिकामे करण्याचे काम निर्जंतुक पद्धतीने, ठरलेल्या वेळी व काटेकोरपणे व्हावे, हा दुसरा नियम. एवढेच ते सगळे शास्त्र.

नियम उच्चारण्यास अर्धे मिनिट पुरते. तो पाळण्यास काय लागते ह्याचा हिशेब वाचकांनी करून पाहावा. दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसाकाठी १२ वेळा. २४ खाटांची एक बराक धरली तर रोज २८८ वेळा. आणि एका रोग्यामागे वर्षाला ४३८० वेळा. कूस बदलावयाची म्हणजे मनुष्यास ढकलून द्यावयाचे नाही. फरफटल्याने बधिर त्वचा सोलते, म्हणून त्यास दोघातिघांनी मिळून एका तालात उचलावे लागते, कण्याचा मोडलेला भाग हलू न देता वळवावे लागते. मग गुडघ्यांमध्ये, घोट्यांखाली उशा. चादरीला सुरकुती पडू द्यावयाची नाही. लालसर डाग कोठे उमटला आहे काय हे दिव्याच्या उजेडात पाहावयाचे. इतके झाल्यावर पुढची खाट. शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचावे तो पहिलीची वेळ जवळ आलेली असावयाची.

हे काम करणारे परिचारिकांच्या हाताखालचे साधे लष्करी मदतनीस होते. इंग्रजीत त्यांस जो शब्द आहे तोच आपल्याकडे येऊन अर्दली झाला, आणि साहेबाच्या दाराबाहेर उभा राहणारा पट्टेवाला असा त्याचा अर्थ आपल्या डोक्यात बसला. शब्दाच्या ह्या अधोगतीतही बराच इतिहास आहे. स्टोक मँडेव्हिलच्या अर्दलींना आरंभी हे काम निरर्थक वाटत असल्यास नवल नाही. मरणाऱ्या माणसास रात्री तीन वाजता वळवून काय साधणार? गुटमान स्वतः अपरात्री बराकीत येऊन उभा राही व चुकणाऱ्यास फाडून खाई. तो मनुष्य हुकूमशहाच होता, हे त्याच्या चाहत्यांनीही लपविलेले नाही. रोग्यांच्या स्वावलंबनासाठी झटणाऱ्या गृहस्थाच्या राज्यात दुसऱ्या कोणाचे मत चालत नसे, ही विसंगती आम्हांस टोचते. परंतु ४३८० वेळांपैकी एकही वेळ चुकू न देणे हे सौम्य स्वभावाच्या माणसास साधले असते की नाही, ह्याविषयी आम्ही साशंक आहो. काही महिन्यांत व्रण भरून येऊ लागले. जे मरावयाचे ते मरेनात. अर्दलींच्याही मनात फरक पडला. आपण राखलेला मनुष्य उठून बसला हे डोळ्यांनी दिसू लागल्यावर तो पडणारच.

तथापि कूस बदलणे हा तिसऱ्या पादाच्या कामाचा पूर्वार्धच झाला. उत्तरार्ध त्याहून अवघड आहे, कारण त्यात हात लावावयाचा नसून आवरावयाचा असतो.

कमरेखाली संवेदना नसलेल्या मनुष्यास नुसते बसणे हीच एक विद्या नव्याने शिकावी लागते. आपण कोठे टेकलो आहो हे त्यास कळत नाही, म्हणून तोल जातो. त्यासाठी त्यास मोठ्या आरशासमोर बसवीत. अंगाने जे कळत नाही ते डोळ्यांनी पाहून त्याने स्वतःस सावरावे, अशी ती युक्ती. मागे व्यायामोपचार करणारी बाई किंवा तिचा मदतनीस उभा. रोगी एका बाजूस कलू लागला की मागच्याचे हात आपोआप पुढे येतात. पण क्षणभर थांबले तर तो स्वतः सावरतो, आणि थांबले नाही तर कधीच सावरत नाही. पडू द्यावयाचे नाही आणि धरावयाचेही नाही, ह्या दोहोंमधल्या त्या क्षणात सगळे कौशल्य आहे. मग खाटेवरून चाकांच्या खुर्चीत जाणे, कपडे चढविणे, मोजे घालणे, हे एकेक पाठ. मोजा घालावयास रोग्यास प्रथम अर्धा तास लागतो. मदतनीस तो अर्ध्या मिनिटात घालील. ती साडेएकोणतीस मिनिटे गप्प उभे राहण्याचा पगार त्यास मिळतो, असे म्हटले तरी चालेल. अखेर रोग्यास खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात रोवून थोड्या थोड्या वेळाने आपले अंग क्षणभर वर उचलावयास शिकवितात, म्हणजे बैठकीखालचे अडलेले रक्त पुन्हा वाहते. रोज एकदा हातातील आरशाने त्याने आपली पाठ व टाचा आपणच तपासावयाच्या. ज्या दिवशी ह्या दोन गोष्टी अंगवळणी पडल्या, त्या दिवशी रात्रीच्या अर्दलीचे काम रोग्याच्या स्वतःच्या हाती आले आणि त्याच्यापुरता अर्दली मोकळा झाला.

आमच्या वाचकांच्या घरी ह्यातील काहीच परके नाही. अर्धांगाचा झटका आलेले आजोबा, मांडीचे हाड मोडलेली आजी कोणत्या घरात नाही? आणि तेथे आपण काय करतो? सून भात कालवून भरविते, मुलगा उचलून न्हाणीघरात नेतो, नातू पाण्याचे भांडे ओठांशी धरतो. आजोबांनी डावा हात पुढे केला तर, असू द्या, आम्ही आहो ना, असे म्हणून तो प्रेमाने परत ठेवला जातो. ह्यास आपण सेवा म्हणतो, आणि तिच्यातील जिव्हाळा खोटा आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण सहा महिन्यांनी तो डावा हात पुढे येण्याचे थांबते. शुश्रूषा ह्या शब्दाचा धात्वर्थ पाहिला तर तो ऐकण्याची इच्छा असा आहे. रोग्याची हाक ऐकण्यास तत्पर असणे ही झाली नेहमीची समजूत. त्याचा हात काय करू पाहतो आहे हेही ऐकावे लागते, एवढी भर आम्ही तीत घालू इच्छितो. घरच्या माणसास हे जड जाते. परक्या पण शिकलेल्या मदतनिसास ते तुलनेने सोपे जाते, कारण त्याच्या अनुरागास दक्षतेचा लगाम असतो. चरकाने हे दोन गुण एकाच माणसाच्या ठायी मागितले, ह्यातील मर्म येथे कळते.

स्टोक मँडेव्हिलच्या बराकींतून रोगी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती असे उद्योग शिकून बाहेर पडू लागले. खेळांचा प्रवेश त्यानंतरचा. लंडनमध्ये ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया अशा १६ जणांनी खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली. १९५२ साली डच खेळाडू येऊन मिळाले. १९६० साली रोम येथे सुमारे ४०० खेळाडू जमले, आणि आज पॅरालिंपिक ह्या नावाने जे सामने जगभर पाहिले जातात त्यांचा उगम तो हाच. गुटमानला १९६६ साली सर ही पदवी मिळाली; तो १९८० साली वारला. अर्दलींच्या वाट्यास पदव्या आल्या नाहीत, आणि त्यांनी त्या मागितल्याचेही ऐकिवात नाही.

ह्या कथेचा एक धागा महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. पहिल्या महायुद्धातील जायबंदी हिंदी सैनिकांना उद्योग शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली व ती पुढे खडकीस आली. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे, म्हणजे स्टोक मँडेव्हिलचेच समवयस्क. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर ह्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. ह्या जन्माने अमेरिकन, विवाहाने मराठी. फिलाडेल्फियात ही विद्या शिकून त्या येथे परतल्या होत्या. आणि १९७४ साली खडकीस, कणा मोडलेल्या जवानांसाठी म्हणून स्वतंत्र असे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले.

त्याच्या दोन वर्षे आधीची एक हकीकत आता पुष्कळांस माहीत झाली आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात जवान व मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांस गोळ्या लागल्या, कण्यास इजा झाली आणि कमरेखालचे अंग गेले. मुंबईच्या अश्विनी ह्या नौदलाच्या रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांस पाण्यात उतरविण्यात आले. पाण्यात ज्याचे पाय चालत नाहीत त्यास प्रथम कोणी तरी धरावेच लागते, आणि मग कोणी तरी सोडावेही लागते. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पेटकरांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. पद्मश्री त्यांस २०१८ साली मिळाली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. सुवर्णपदक मिळविणाऱ्याची ही कथा, तर पाण्यात धरणाऱ्याची काय असणार!

आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांत ह्या माणसांस नावाने हाक मारण्याचीही पद्धत नाही. पुरुष असल्यास मामा, स्त्री असल्यास मावशी. हाक गोड आहे, आणि तीत थोडीशी सोयही आहे. मावशीस कोणी पगार विचारीत नाही आणि मामाने शिक्षण कोठे घेतले हेही कोणी विचारीत नाही. डॉक्टर व परिचारिका सोडून रोग्यासाठी झटणारे जे इतर अनेक व्यवसाय आहेत, त्यांच्यासाठी संसदेने २०२१ साली एक कायदा करून राष्ट्रीय आयोग नेमण्याची तरतूद केली. त्यात सहयोगी व्यावसायिकाच्या शिक्षणास निदान २००० तासांची अट आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण मामा आणि मावशी ह्यांच्यापाशी तेवढ्या तासांचा कागद नसतो. त्यांचे तास खाटांच्या रांगेत गेलेले असतात. त्यांना शिकविण्याची, आणि त्यांनी रात्री काय पाहिले हे सकाळी विचारण्याची व्यवस्था जोवर वॉर्डात होत नाही, तोवर बाहेर कितीही चांगला कायदा झाला तरी माकडहाडावरचा लाल डाग पहिल्याने ज्याला दिसतो त्याचे तोंड मिटलेलेच राहील.

कणा मोडलेल्यांच्या पुनर्वसन केंद्रात एक गोष्ट नवख्या पाहुण्याच्या लक्षात हटकून येते. चाकांच्या खुर्चीत बसलेला मनुष्य आपल्याशी बोलता बोलता दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवतो, सगळे अंग वर उचलतो, क्षणभर अधांतरी राहतो आणि पुन्हा बसतो. बोलणे तुटत नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा तसेच करतो. पाहुण्यास वाटते की ह्यास काही हवे आहे, आणि तो मदतीस उठू लागतो.